कव्हर काढू नका, आत फोन आहे

गोसीखुर्दच्या धरणावर रविवारी जी गर्दी जमते, त्यातल्या कुणाही माणसाच्या हातातल्या फोनचा मूळ रंग ओळखून दाखवणाऱ्याला मी स्वखर्चाने पवनीपर्यंत सोडीन आणि वाटेत चहाही पाजीन. ही पैज मी बिनधास्त लावतो. कारण फोनचा रंग खुद्द मालकालाच आठवत नसतो. विचारून पाहा. "निळा आहे बहुतेक" असं म्हणून तो कव्हराची कड नखाने जराशी उचकटतो, आत डोकावतो आणि "नाही, हिरवट आहे" अशी दुरुस्ती करतो.

गंमत अशी, की हाच माणूस फोन घेताना रंगासाठी भांडलेला असतो. भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या दुकानात अख्खं कुटुंब काउंटरला टेकून उभं राहतं. रॅम किती, प्रोसेसर कोणता हे पाच मिनिटांत उरकतं, पण रंगावर परिषद भरते. काळा नको, शनिवारी घेतोय. पांढरा मळतो. जांभळा मुलींचा. सोनेरी आता जुना झाला. शेवटी पुण्यातल्या भाच्याला व्हिडिओ कॉल लागतो आणि तो जो रंग सांगतो, तो दुकानात नसतो. मागवून घेऊ, दोन दिवस थांबू, पण रंग तोच पाहिजे. दोन दिवसांनी तो येतो. डबा उघडतो. सगळे "वा!" म्हणतात. आणि पुढच्याच क्षणी दुकानातला पोरगा विचारतो, "कव्हर कोणतं देऊ जी?" झालं. तो रंग उजेड बघतो तो एवढाच. यापुढे त्याची भेट थेट एक्स्चेंजच्या दिवशी.

फोन बनवणाऱ्यांची मला खरोखर कीव येते. कुठल्याशा देशात चार शहाणी माणसं वर्षभर बसून कडेची गोलाई ठरवतात. ॲल्युमिनियमवर विजेच्या मदतीने ऑक्साइडचा थर चढवतात, त्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरतात, छिद्रं बंद करतात. मागच्या काचेला मखमलीसारखा मॅट हात देतात. फोन किती मिलिमीटरने पातळ झाला याचा सोहळा होतो. आणि आपण पवनीच्या बाजारातून शंभर रुपयांचं रबर आणून तो पुन्हा जाडा करतो.

यात आपली चूक आहे असं नाही. आपलं घराणंच कव्हराचं. जून महिना लागला की मराठी घरात वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं चढतात, आणि लेकराला अक्षर येण्याआधी कागद दुमडायचा कसा हे येतं. टीव्हीला झालरीचं कव्हर असायचं, मिक्सरला असतंच, फ्रिजच्या मुठीला रुमाल बांधलेला असतो. रिमोट ज्या प्लास्टिकमध्ये जन्माला येतो, त्याच प्लास्टिकमध्ये निवर्ततो. मधल्या काळात आवाज वाढवायचं बटण प्लास्टिकवरूनच दाबून दाबून खड्डा पडतो. सोफ्याला पाहुण्यांपुरतं उघडं करायची पद्धत आहे, पण पाहुणे अचानक येतात, त्यामुळे तेही झाकणावरच बसून जातात. भंडारा तर भांड्यांचं गाव, पितळेसाठी नावाजलेलं. इथे पितळेच्या पातेल्यालासुद्धा आतून कल्हई लागायची, म्हणजे कथिलाचा पातळ थर, आंबट पदार्थ कळकू नये म्हणून. कल्हई उडाली की कल्हईवाला हाक देत यायचा आणि पुन्हा चढवून जायचा. म्हणजे आमच्याकडे बाहेरून घासून लख्ख आणि आतून अस्तर. फोनचं आता उलटं झालंय इतकंच.

आणि गोसीखुर्दला उभं राहून कव्हराला हसणं शोभत नाही, कारण हे धरण स्वतःच कव्हर घालून बसलेलं आहे. साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा बांध, त्यातला बराचसा मातीचा. मातीला लाटांनी खाऊ नये म्हणून पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग बसवलेलं असतं. कालव्याला अस्तरीकरण असतं, पाणी झिरपू नये म्हणून. फोनचं कव्हर तडकलं तर आपण दुकानात जातो. इथल्या कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या दर्जासाठी चौकशी समित्या नेमाव्या लागल्या. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते या प्रकल्पाची कोनशिला बसली तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. 2009 साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि पुढे आकडा 18 हजार कोटींच्या पलीकडे गेला. तेव्हा शंभर रुपयांच्या कव्हराचे दीडशे सांगणाऱ्या दुकानदाराशी मी घासाघीस करत नाही.

तर धरणावरची गर्दी. पावसाळ्यात 33 दरवाज्यांतले काही उघडले की वैनगंगा खाली फेसाळत पडते, तुषार वरपर्यंत येतात, आणि लोक फोन वर धरून उभे राहतात. या घडीला कव्हरांचं जे प्रदर्शन भरतं, ते पाहण्यासारखं असतं. माझं लक्ष पाण्याकडे कमी आणि तिकडेच जास्त.

पहिली जात पारदर्शक कव्हराची. "फोनचा रंग दिसला पाहिजे" असा आग्रह धरणारा आशावादी माणूस हे घेतो. पहिले दोन महिने ते काचेसारखं असतं. मग पिवळं पडू लागतं. लोक म्हणतात हळदीचा हात लागला, सावजी रस्सा लागला, खर्ऱ्याची बोटं लागली. तिन्ही आरोप आमच्या भागात शाबीत होण्यासारखे आहेत, पण खरा गुन्हेगार दुसराच. हे कव्हर ज्या टीपीयूचं, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचं असतं, त्याच्या रेणूंची रचनाच ऊन आणि उष्णता सोसून पिवळी पडणारी. कारखानदारांना हे ठाऊक असतं, म्हणून सुरुवातीला त्यात निळसर झाक मिसळतात, जेणेकरून पिवळेपणा उशिरा कळावा. पांढऱ्या धोतराला नीळ देणाऱ्या आजोबांना हे तंत्र कुणी शिकवायची गरज पडली नसती. झिजून नव्हे, नुसतं जगून म्हातारं होणारं हे कव्हर आहे. साबण, सोडा, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावा. वरचा मळ निघेल, पिवळेपण निघणार नाही.

दुसरी जात फ्लिप कव्हराची. ही पन्नाशीच्या पुढच्या काकाजींची खूण. पाकिटासारखं उघडतं, चुंबकाने मिटतं. फोन वाजला की काकाजी ते उघडतात, चष्मा शोधतात, नाव वाचतात, तोवर फोन बंद. फोटो काढताना मात्र त्याचं फडकं खाली लोंबतं, आणि झाडीपट्टीच्या नाटकाला पुढच्या रांगेत असे दोन काकाजी असले की मागच्यांना नायिका अर्धीच दिसते. मागून कुणीतरी ओरडतो, "काकाजी, दार लावा जी!"

तिसरी जात पहिलवानी. चारही कोपऱ्यांना रबराचे गड्डे, मागे लोखंडी कडी, वर वाघाचं चित्र. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जवळच, आणि तिथला 'जय' वाघ 2016 साली दिसेनासा झाला तरी या भागातल्या कव्हरांवरून अजून गेलेला नाही. हे कव्हर घातलेला फोन पडला तर फोनला काही होत नाही, फरशीकडे बघावं लागतं. खिशात मात्र तो मावत नाही. म्हणून तो हातात राहतो, आणि हातात राहतो म्हणून जास्त वेळा पडतो.

पण या सगळ्यांत मला सर्वांत भरवशाचं वाटतं ते चौथं कव्हर, जे कुठल्याच दुकानात टांगलेलं नसतं. पन्नी. जलाशयात डोंगा घालून जाळं टाकणारे धीवर बांधव फोन एका पन्नीत घालतात, तोंडाला पीळ देतात, रबर लावतात, वरून दुसरी पन्नी. रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरणाऱ्या बायकाही तेच करतात. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून काम चालतं आणि कमरेला खोचलेल्या पन्नीतून गाणी वाजत असतात. फोन पन्नीतूनच उचलता येतो, बोलता येतं, आणि बोटं ओली नसली तर पैसेही पाठवता येतात. कंपन्या खोक्यावर आयपी अडुसष्ट असं छापतात आणि दीड मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास टिकेल अशी हमी देतात. 'स्वच्छ' या शब्दावर आमचं घोडं अडतं. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून याच जलाशयात येतं. या पाण्यात टिकायची हमी कोणत्याही कंपनीने दिलेली माझ्या पाहण्यात नाही. पन्नी अशा अटी घालत नाही. खर्रा घोटायला जी पन्नी, तीच फोनलाही चालते. फक्त क्रम बदलू नये.

कव्हराचा खरा उपयोग संरक्षण हा नाहीच, हे माझं ठाम मत आहे. कव्हर ही तिजोरी आहे. फोन आणि कव्हर यांच्या मधल्या पापुद्र्यात या जिल्ह्याची किती संपत्ती आहे याची कुणी मोजदाद केलेली नाही. अडीअडचणीला शंभराची नोट, ती चार घड्या घातलेली. आधार कार्डाची छोटी झेरॉक्स. एटीएम कार्ड, आणि त्याच्यामागे चिठ्ठीवर त्याचाच पिन. एसटीचं तिकीट, कशाला ते माहीत नाही. लेकराचा पासपोर्ट फोटो. कुणाकडे गजानन महाराज, कुणाकडे तुकडोजी महाराज, कुणाकडे बाबासाहेब. पारदर्शक कव्हर असेल तर ही सगळी मंडळी आतून बाहेर बघत असतात आणि ज्या रंगासाठी दोन दिवस वाट पाहिली, तो यांच्या पाठीमागे असतो. लग्न ठरलेल्या पोरांचं तर साखरपुड्याचा फोटो छापलेलंच कव्हर येतं. पोरगा मला मोठ्या कौतुकाने दाखवत होता. मी म्हटलं, "छान. फोन कोणता आहे?" तो म्हणाला, "कंपनी पाहा लागन."

आता झिजेचं पाहू, कारण सगळा खटाटोप तिच्या भीतीने चाललेला असतो. आपली समजूत अशी, की खिशातल्या चाव्या आणि नाणी फोनला ओरखडे काढतात. फ्रीडरिख मोझ नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने 1812 साली कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावून दिली. त्यात जो वरचा, तो खालच्याला ओरखडतो. पितळ तिथे तीनच्या आसपास येतं, फोनची काच सहाच्या जवळपास. म्हणजे पितळी चावी काचेचं काही वाकडं करू शकत नाही. या बाबतीत भंडाऱ्याचं पितळ पूर्णपणे निर्दोष आहे. गारगोटी मात्र सातवर बसते. आणि गारगोटीचा बारीक चुरा म्हणजे रेती. वैनगंगेची रेती! जिच्या घाटांचे लिलाव होतात, जिचे टिप्पर रात्री पळतात, जिच्यावर अर्ध्या विदर्भातल्या घरांचे स्लॅब उभे आहेत, तीच रेती धुळीतून, खिशातून, सीटवरून फोनपर्यंत पोचते. नदीकाठी राहणाऱ्याने चावीला घाबरण्यात अर्थ नाही.

आणि इथे कव्हराचं बिंग फुटतं. रेतीचे कण चार्जिंगच्या भोकातून, बटणांच्या फटीतून कव्हराच्या आत शिरतात. बाहेर पडायला वाट नसते. मग आपण चालतो, गाडीवर बसतो, पवनी-भंडारा रस्त्यावरच्या खड्ड्यांतून हादरे खातो, आणि प्रत्येक हादऱ्याला ते कण कव्हर आणि फोन यांच्या मधे घासले जातात. कडांवरचा रंग उडतो, कॅमेऱ्याभोवती वर्तुळं पडतात. त्यातही ॲल्युमिनियमवरचा रंगाचा थर धारदार कडेवर आधीच नाजूक असतो. 2012 साली काळा आयफोन 5 आला तेव्हा त्याच्या कडांचे टवके उडून खालची चांदी दिसू लागली, आणि जगभर बोंब झाली होती. बोंब ठोकायला निदान तो दिसत तरी होता. आपल्या कव्हराखाली हीच झीज गुपचूप चालते. कुंपणच शेत खातं, आणि शेतकरी रोज कुंपणाला तेलपाणी करतो.

उन्हाळ्यात तर कव्हर म्हणजे शिक्षा. आयफोनची कंपनी सांगते, की फोन शून्य ते 35 अंशांच्या हवेत वापरा. मे महिन्यात आमच्याकडे 35 अंश म्हणजे सकाळचा दुसरा चहा. दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, आणि त्याच न्यायाने फोनलाही गुंडाळून ठेवतात. फरक एवढाच, की माणसाला बाहेरचं ऊन लागतं आणि फोनला आतली धग. चार्जिंगला लावल्यावर फोन तापत असेल तर कव्हर काढा, असं कंपनीच सांगते. पण फोन तापला की आमच्याकडे तो फ्रिजवर ठेवतात. आत नाही, वर. का, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

कव्हरापायी माणूस काय करतो हे ठीक, फोनापायी काय करतो ते गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यात 2023 च्या मे महिन्यात दिसलं. परळकोटच्या जलाशयावर सेल्फी काढताना एका अन्न निरीक्षकाचा सुमारे लाखभर रुपयांचा फोन पाण्यात पडला. गृहस्थांनी डिझेल पंप लावला आणि तीन दिवस पाणी उपसलं. 21 लाख लिटरचा आकडा बातम्यांत आला होता. फोन सापडला. चालू झाला नाही. साहेब निलंबित झाले. ही बातमी वाचल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गोसीखुर्दचा साठा 1146 दशलक्ष घनमीटर. त्या पंपाने, त्याच वेगाने उपसा केला तर जलाशय रिकामा व्हायला साधारण साडेचार हजार वर्षं लागतील. गोसीखुर्दचं एकूण वेळापत्रक पाहता हा काळ काही फार नाही, पण फोनची वॉरंटी तोवर संपलेली असेल. म्हणून धरणावर सेल्फी काढणाऱ्यांना सांगतो, कव्हर नसलं तरी चालेल, मागचा कठडा बघा.

एवढं जपून शेवटी होतं काय? दोन-तीन वर्षांनी फोन बदलायची वेळ येते. एक्स्चेंजचा पोरगा येतो, कव्हर काढतो. आत बहुतेक तरी कोरा फोन, कोपऱ्यात थोडी रेतीची करामत. घरची मंडळी गोळा होतात. "अरे, किती सुंदर आहे हा! उगाच देतोय आपण." पोरगा भिंगातून बघतो, दोन ओरखड्यांचे काही रुपये कापतो आणि मुळात फोन जुना झाला म्हणून त्याहून कितीतरी जास्त कापतो. म्हणजे आपण तो रंग राखला कुणासाठी, तर ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा पुढच्या मालकासाठी. आणि तो त्याच दिवशी कव्हर घेईल.

नोकियाच्या काळी हे उलट होतं. 2003 साली आलेला 1100 जगात 25 कोटींच्या वर खपला, त्यातले निदान काही आमच्या बांधीत पडून चिखलातून निघालेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बॉडी घासली, अंक पुसले गेले, की बाजारातून नवी बॉडी आणायची, आतला यंत्राचा जीव तोच. जुनं वस्त्र टाकावं, नवं ल्यावं. आजचा फोन नेमका गीतेच्या विरुद्ध वागतो. देह कव्हरात अजर-अमर, आणि आत्मा झिजतोय: बॅटरी चार्जिंगच्या 500 ते 1000 फेऱ्यांत 80 टक्क्यांवर येते, कंपनीचे अपडेट बंद पडतात, बँकेचं ॲप चालेनासं होतं. शेवटी हातात उरतो तो टवटवीत मृतदेह. आत्म्याला कव्हर मिळत नाही, ते अजून कुणी काढलेलं नाही, नाहीतर पवनीच्या बाजारात आलं असतं.

कव्हरच न वापरणारे एक निवृत्त मास्तर आमच्या ओळखीत आहेत. त्यांच्या फोनचे कोपरे चेपलेले, पाठीला एक लांब चीर, रंग कडेने उडून धातू चमकतोय. लोक हळहळतात. मास्तर म्हणतात, "वापरतो मी तो." त्यांच्याकडे बघून माझं धाडस होतं, पण मागच्या काचेची किंमत ऐकली की मावळतं. काच बदलायला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात पारदर्शक, पिवळी पडणारी, वाघाची अशी कव्हरं आयुष्यभर येतील. तेव्हा कव्हर घालावं, हाच माझा निकाल. मध्यमवर्गाच्या विरोधात निकाल देण्याइतका मी श्रीमंत नाही.

तुम्हाला एकच विनंती. महिन्यातून एखाद्या रविवारी कव्हर काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळू द्या, फोनच्या कडांवरची रेती मऊ फडक्याने आधी झटका आणि मगच पुसा. एटीएमच्या पिनची चिठ्ठी फाडून टाका. आणि कव्हर वाळतंच आहे तोवर फोनचा रंग एकदा घरच्यांना दाखवा. पैसे त्याचेही दिले आहेत.